पिकांचे रोग आणि वैज्ञानिक संस्था : नोंदीपासून संरक्षणापर्यंत

दरवर्षी १२ मे हा दिवस आंतरराष्ट्रीय वनस्पती आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने २०२२ मध्ये त्यास मान्यता दिली. तत्पूर्वी २०२० हे वर्ष आंतरराष्ट्रीय वनस्पती आरोग्य वर्ष म्हणून घोषित झाले होते. अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार जगातील पीक उत्पादनापैकी ४० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा दरवर्षी कीड व रोगांमुळे नष्ट होतो. केवळ रोगांमुळे होणारी हानी २२० अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले जाते.

असे आकडे मोठे असतात आणि म्हणूनच काहीसे धूसरही असतात. त्यांना पिकागणिक आधार देण्याचे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केले. आंतरराष्ट्रीय वनस्पतिरोगशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने ६७ देशांतील पीकआरोग्य तज्ज्ञांकडून माहिती मागविण्यात आली. त्यावरून भाताचे सुमारे ३० टक्के, मक्याचे २२.५ टक्के, गव्हाचे २१.५ टक्के, सोयाबीनचे २१.४ टक्के आणि बटाट्याचे १७.२ टक्के उत्पादन रोग व किडींमुळे हातचे जात असल्याचा अंदाज बांधण्यात आला. हे काम कोणत्याही एका देशाच्या शासनाला एकट्याने करता आले नसते. निरनिराळ्या देशांतील, एकमेकांस प्रसंगी केवळ नावाने ओळखणाऱ्या तज्ज्ञांनी एकाच प्रश्नावलीला उत्तरे दिली, ती एका संस्थेने विचारली होती म्हणून.

वनस्पतिरोगशास्त्राच्या अशा संस्थांकडे कायद्याचा अधिकार नसतो. त्या औषध फवारीत नाहीत, बियाणे विकत नाहीत, बंदरावर माल अडवीत नाहीत. त्या नियतकालिक काढतात, परिषद भरवितात, रोगांची व रोगकारकांची नावे ठरविण्यास साहाय्य करतात आणि क्वचित एखाद्या धोरणाविषयी मत मांडतात. एवढ्या साधनांवर पिकांचे संरक्षण कसे होते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर काही प्रत्यक्ष प्रकरणांतून अधिक स्पष्ट होते.

कारण की परिणाम?

१८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करप्याने काळे पडले. पुढील काही वर्षांत उपासमार आणि साथीच्या रोगांनी सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले. कुजलेल्या पानांवर पांढरट बुरशी दिसत होती, हे सर्वांनाच मान्य होते. वाद होता तो निराळाच. बुरशीमुळे पान कुजते, की कुजलेल्या पानावर बुरशी उगवते? इंग्लंडमधील नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडले यांच्या मते अतिवृष्टी आणि थंड, दमट हवेमुळे झाडे पाण्याने फुगून सडत होती. माइल्स बर्कले हे धर्मोपदेशक आणि कवकांचे व्यासंगी अभ्यासक. बुरशी हेच कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

बर्कले यांचा निबंध १८४६ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लिंडले हे याच संस्थेचे दीर्घकाळचे पदाधिकारी होते. संस्थेतील वजनदार व्यक्तीच्या मताविरुद्ध जाणारे लिखाण संस्थेच्याच पानांवर यावे, ही घटना आज साधी वाटते. परंतु वैज्ञानिक संस्थेचा खरा उपयोग येथेच दिसतो. निबंध छापला गेला म्हणजे तो सिद्ध झाला असे नव्हे. पुढे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी प्रयोगांनी बुरशीचे कारणत्व निर्विवाद केले. तोपर्यंत बर्कले यांचे निरीक्षण कागदावर सुरक्षित राहिले होते. अमेरिकन फायटोपॅथॉलॉजिकल सोसायटीने १९४८ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनंतर, हाच निबंध अभिजात ग्रंथमालेत पुनर्मुद्रित केला.

कारण कळले नसते तर उपायही सुचला नसता. हवामान हेच कारण मानले तर शेतकऱ्याच्या हाती प्रार्थनेखेरीज काही उरत नाही. बुरशी हे कारण मानले की तिला मारता येते. १८८५ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी द्राक्षाच्या केवड्यावर मोरचूद व चुन्याचे मिश्रण उपयुक्त असल्याचे दाखविले. तेच बोर्डो मिश्रण नाशिक व सांगलीच्या बागांत आजही ढवळले जाते.

लंडनच्या पानांवर कर्नालचा गहू

भारतात या शास्त्राची पद्धतशीर पायाभरणी एडविन बटलर यांनी केली. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. १९१८ मध्ये बटलर यांचा भारतीय पिकांच्या रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढील दोन पिढ्यांना तो पाठ्यपुस्तक म्हणून पुरला. १९३४ च्या भूकंपात पुसा येथील इमारतीची हानी झाली आणि संस्था १९३६ मध्ये दिल्लीस आली.

तज्ज्ञ होते, प्रयोगशाळा होती. नव्हते ते स्वतःचे व्यासपीठ. मनोरंजन मित्र यांना कर्नाल येथील गव्हाच्या दाण्यांवर एक अनोळखी काणी आढळली. दाण्याचा काही भाग काळ्या भुकटीत बदलतो आणि त्याला कुजक्या मासळीसारखी दुर्गंधी येते. १९३१ मध्ये मित्र यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली ती ब्रिटनमधील उपयोजित जीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात, अवघ्या दोन पानांत. पुढे बी. बी. मुंडकूर यांनी या कवकाचे वर्गीकरण सुधारले, तेही ब्रिटिश कवकशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत. पंजाबच्या शेतातील रोग पंजाबच्या कृषी अधिकाऱ्याला कळण्यासाठी आधी लंडनला जाऊन यावा लागे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

याच काळात बंगालमध्ये १९४३ चा भीषण दुष्काळ पडला. त्यात २० ते ३० लाख लोक मृत्युमुखी पडले असावेत. १९४२ च्या हंगामात भातावर तपकिरी ठिपक्यांच्या रोगाची मोठी साथ आली होती. त्याविषयीचे सविस्तर विवेचन भातरोगतज्ज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये केले. दुष्काळाचे मुख्य कारण ही साथ होती, की युद्धकाळातील भाववाढ आणि गरिबांची हरपलेली क्रयशक्ती, याविषयी मतभेद आहेत. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दुसरी बाजू समर्थपणे मांडली आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब एवढीच, की लाखो लोकांच्या ताटाशी निगडित असलेल्या या रोगसाथीचा समग्र लेखाजोखा विद्वानांसमोर येण्यास तीस वर्षे लागली.

१९४७ मध्ये मुंडकूर यांच्या पुढाकाराने दिल्ली येथे इंडियन फायटोपॅथॉलॉजिकल सोसायटी, अर्थात भारतीय वनस्पतिरोगशास्त्र संस्था, स्थापन झाली. लगेच १९४८ पासून ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’ हे तिचे नियतकालिक सुरू झाले. केंद्र शासनाच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाची स्थापना त्याआधी एकच वर्ष, १९४६ मध्ये झाली होती. संगरोध म्हणजे रोगट वनस्पती वा बियाणे सीमेवरच रोखण्याची व्यवस्था. एकीकडे कायद्याचा हात आणि दुसरीकडे शास्त्राची वही, अशी ही जोडी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभी राहिली. मुंडकूर यांचे १९५२ मध्ये निधन झाले. संस्थेच्या वतीने त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान दिले जाते.

पुढे उदयपूर, लुधियाना आदी ठिकाणीही या विषयाच्या स्वतंत्र संस्था निघाल्या. संस्थांची संख्या वाढली की नियतकालिकांची संख्या वाढते आणि नियतकालिकांची वाढली की लेखांची. त्यातील प्रत्येक लेख शेतीच्या उपयोगी पडतो असे मात्र मानण्याचे कारण नाही. पदोन्नतीसाठी लिहिले गेलेले लेखही त्यांत असतातच.

तेल्याची पन्नास वर्षांपूर्वीची नोंद

नोंदीचे मोल काय असते, हे महाराष्ट्रातील डाळिंब उत्पादकांना सांगण्याची आवश्यकता नाही. १९५२ मध्ये ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’च्या पाचव्या खंडात हिंगोराणी आणि मेहता यांचे डाळिंबाच्या पानांवरील जीवाणूजन्य ठिपक्यांविषयी एक टिपण आले. तेही दोनच पानांचे. दिल्लीत आढळलेला हा रोग त्यावेळी फारसा महत्त्वाचा नव्हता. १९५९ मध्ये हिंगोराणी आणि सिंग यांनी या जीवाणूचे रीतसर नामकरण केले. डाळिंब तेव्हा परसातील झाड होते. या रोगाची चिंता करण्याचे कोणाला कारण नव्हते.

पुढील दशकांत सोलापूर, सांगली, नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि पुणे जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यात डाळिंबाच्या बागा पसरल्या. ठिबक सिंचन आले, ‘भगवा’ वाणाला निर्यातीची बाजारपेठ मिळाली, माळरानावर पैसा दिसू लागला. २००२-०३ नंतरच्या काळात याच बागांवर तेल्याने घाला घातला. पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात. डाग काळे होतात. पुढे फळ तडकते आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. पावसाचे शिंतोडे, वारा आणि रोगट झाडावरून बांधलेली गुटी यांतून रोग बागेतून बागेत जातो. अनेक शेतकऱ्यांना बागा उपटून टाकाव्या लागल्या.

हा कोणता रोग, हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला नाही. जीवाणू ओळखीचा होता, त्याचे वर्णन उपलब्ध होते, तो कसा तपासावा हे ठाऊक होते. जीवाणूजन्य रोगांच्या अभ्यासाची परंपराही महाराष्ट्राला नवीन नव्हती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल, व्ही. पी. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०-५० च्या दशकांत याच गटातील अनेक जीवाणूंचे वर्णन केले होते. अज्ञात शत्रूचा शोध घेण्यात जी वर्षे गेली असती, ती अशा रीतीने वाचली. २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि काम थेट व्यवस्थापनापासून सुरू करता आले. पावसाळ्यात येणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरणे, छाटणीनंतर बागेला विश्रांती देणे, रोगट फांद्या व फळे बागेबाहेर नेऊन नष्ट करणे, रोगमुक्त रोपेच वापरणे आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी अशा उपायांची शिफारस आता केली जाते. रोग त्यामुळे नाहीसा झालेला नाही. तो आटोक्यात ठेवता येतो, तोही शेजारच्या बागायतदाराने साथ दिली तर.

या जीवाणूचे नाव १९५९ नंतर अनेकदा बदलले. शेतकऱ्याला हा पंडितांचा खेळ वाटणे साहजिक आहे. पण वनस्पतींना रोग करणाऱ्या जीवाणूंच्या नावांत १९७० च्या दशकात एवढा गोंधळ होता, की एकाच रोगकारकाविषयी दोन देशांतील शास्त्रज्ञ बोलत आहेत की नाही, हेच कळेनासे झाले होते. १९६८ मध्ये लंडन येथील पहिल्या जागतिक परिषदेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिरोगशास्त्र संस्थेच्या समितीने १९८० मध्ये नामकरणाचे नियम आणि अधिकृत यादी प्रसिद्ध केली. डाळिंबाचा जीवाणूही त्या चौकटीत बसविण्यात आला. निर्यातीच्या प्रमाणपत्रावर रोगकारकाचे नाव लिहिताना, ते वाचणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला तोच अर्थ कळावा, यासाठी हा खटाटोप असतो.

तेल्याच्या प्रकरणाला एक नाजूक बाजूही आहे. रोग जीवाणूजन्य असल्याने स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची फवारणी बागांत सर्रास होऊ लागली. ही प्रतिजैविके माणसांच्या उपचारातही लागतात. त्यांचा मुक्त वापर झाला तर औषधाला न जुमानणारे जीवाणू वाढीस लागतात. केंद्र शासनाने २०२१ मध्ये शेतीतील त्यांच्या वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. पर्यायी उपाय सुचविण्याची जबाबदारी अर्थातच संशोधकांवर येते. या संदर्भात वैज्ञानिक संस्थांनी शेतकऱ्यांपर्यंत आणखी स्पष्ट शब्दांत आणि आणखी लवकर पोहोचावयास हवे होते, असे म्हणण्यास जागा आहे.

जेव्हा नोंद व्यापाराच्या आड येते

रोगाची प्रामाणिक नोंद नेहमीच लाभदायक ठरते असे नाही. मित्र यांनी नोंदविलेली कर्नालची काणी १९७० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचली आणि मार्च १९९६ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात सापडली. अमेरिका हा गहू निर्यात करणारा मोठा देश. कर्नालच्या काणीपासून मुक्त असल्याच्या प्रमाणपत्राशिवाय अनेक देश गहू घेत नाहीत. अमेरिकेत तातडीने संगरोध लागू झाला, शेतांवर निर्बंध आले, शेतकऱ्यांचे नुकसान झाले.

अमेरिकन फायटोपॅथॉलॉजिकल सोसायटी ही १९०८ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिने १९९६ मध्ये या प्रश्नावर भूमिका जाहीर केली. या काणीमुळे उत्पादनात होणारी घट सहसा अल्प असते, हानी मुख्यतः पिठाच्या गुणवत्तेची असते. म्हणून व्यापारातील कठोर संगरोधास शास्त्रीय आधार अपुरा आहे, असा तिच्या प्रतिपादनाचा आशय होता. शासनाचे धोरण त्यामुळे एका रात्रीत बदलले नाही आणि अनेक देशांचे निर्बंध कायम राहिले. तरीही १९९५ पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार अशा निर्बंधांना शास्त्रीय कारण द्यावे लागते, आणि ते कारण तपासताना पहिल्यांदा उघडली जातात ती अशा संस्थांची नियतकालिकेच.

आपल्या देशातील एखादा रोग जाहीर केला की निर्यात अडते, म्हणून तो जाहीरच करू नये, असा मोह शासनांना होतो. अशा वेळी तज्ज्ञांची स्वायत्त संस्था कामी येते. तिच्या नियतकालिकात नोंद एकदा आली की ती मागे घेता येत नाही. भारतासाठी याचा दुसरा अंगही आहे. कर्नालची काणी मुख्यतः उत्तरेकडील मैदानी प्रदेशात आढळते. गहू संशोधनाच्या सर्वेक्षणांत महाराष्ट्र आणि कर्नाटकातील नमुने सामान्यतः रोगमुक्त आढळले आहेत. कोठे रोग आहे हे उघडपणे सांगणाऱ्यालाच, कोठे तो नाही हे पटवून देता येते.

गव्हाच्या तांबेऱ्याच्या बाबतीत असे सहकार्य अधिक जुने आहे. आग्रा येथील प्राध्यापक के. सी. मेहता यांनी दाखवून दिले, की मैदानातील उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरत नाहीत. ते हिमालयात आणि निलगिरी, पळणीसारख्या दक्षिणेकडील डोंगरांत टिकून राहतात आणि वाऱ्याबरोबर खाली उतरतात. हा शोध कोणत्याही राज्याच्या सीमेत मावणारा नव्हता. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या ‘यूजी ९९’ या तांबेऱ्याच्या घातक प्रकाराविषयी नॉर्मन बोरलॉग यांनी २००५ मध्ये इशारा दिला. त्यानंतर नोव्हेंबर २००८ मध्ये नवी दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

परिषदेपेक्षा वेगवान रोग

परिषदा आणि नियतकालिके यांची गती मात्र संथ असते. लेख पाठवावयाचा, तज्ज्ञांनी तो तपासावयाचा, दुरुस्त्या करावयाच्या, यात महिने जातात. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर करपा अवतरला. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये प्रथम आढळलेला हा रोग तोपर्यंत दक्षिण अमेरिकेबाहेर साथीच्या स्वरूपात आला नव्हता. सुमारे १५,००० हेक्टरवरील गव्हाला त्याची बाधा झाली. त्यावेळी बांगलादेश व ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग धरला. रोगट नमुन्यांतील जनुकीय माहिती त्यांनी नियतकालिकाची वाट न पाहता संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. काही आठवड्यांतच हा प्रकार दक्षिण अमेरिकेतील कुळाशी जुळतो, हे स्पष्ट झाले.

पश्चिम बंगाल शासनाने मुर्शिदाबाद व नदिया जिल्ह्यांत गव्हाची लागवड काही वर्षांसाठी थांबविली. सीमेलगतच्या ५ किलोमीटरच्या पट्ट्यातही गहू न घेण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. ज्या शेतकऱ्यांच्या शेतात रोग नव्हता, त्यांनाही पीक बदलावे लागले. हा त्याग मागताना शासनाजवळ शास्त्रीय आधार असणे आवश्यक होते आणि तो या वेळी लवकर मिळाला. ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’चे प्रकाशन २०१८ पासून आंतरराष्ट्रीय प्रकाशनगृहाच्या सहकार्याने होते. वेगाच्या दृष्टीने ही सुधारणा आहे, परंतु रोगाच्या वेगाशी तिची तुलना अद्याप होऊ शकत नाही.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. ही सर्व नियतकालिके इंग्रजीत निघतात. आटपाडीचा वा सटाण्याचा बागायतदार ती वाचत नाही आणि त्याने वाचावीत अशी अपेक्षाही नाही. मधले काम कृषी विज्ञान केंद्रे, आकाशवाणीचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आणि उत्पादकांचे संघ करतात. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ हे त्याचे ठळक उदाहरण. हा शेतकऱ्यांचा संघ स्वतःचे मराठी नियतकालिक काढतो, चर्चासत्रे भरवितो आणि मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारतो. केवडा, भुरी आणि करपा यांवर कोणते औषध काढणीपूर्वी किती दिवस आधी थांबवावे, याची चर्चा तेथे मराठीत होते, कारण युरोपच्या बाजारात माल परत आला तर नुकसान शेतकऱ्याचेच असते. डाळिंब उत्पादकांनीही असाच संशोधन संघ उभा केला आहे. कडधान्ये, ज्वारी वा भात पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्या पाठीशी मात्र एवढा संघटित संघ नाही, आणि तुरीचा मर किंवा भातावरील करपा त्यांच्या शेतात शिरतो तेव्हा पहिला सल्ला बहुधा औषधविक्रेत्याच्या दुकानातूनच येतो.